मंगळवारच्या बाटल्या

बहीण : हात नको लावूस त्यांना.

भाऊ : नाही लावत. लांबूनच बघतोय. बाटल्या आहेत, ताई. चेपलेल्या, रिकाम्या, पाण्याच्या बाटल्या. दिवसभर तुझ्या समोरच्या पट्ट्यावरून हेच जात असतं, आणि तू त्यातल्या तीन गोण्या इथं, कपडे बदलायच्या खोलीत दडवून ठेवतेस. बायका हसतायत.

बहीण : हसू देत. मुकादमानं पाठवलं तुला?

भाऊ : त्यानंच. म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद असतो तोवर बहिणीला समजाव. उद्या संध्याकाळपर्यंत गोण्या चुरा करायच्या कटरवर गेल्या नाहीत, तर तो स्वतः ओतणार आहे.

बहीण : मग बस. ही घे हातात.

भाऊ : आत्ता तर हात लावू नकोस म्हणालीस.

बहीण : मी देते ती घे. काय दिसतं?

भाऊ : बाटली.

बहीण : नीट बघ.

भाऊ : लेबल काढलंय. बूच वेगळं केलंय. हवा काढून चेपलीय, बूड वर दुमडलंय. कुणीतरी शहाणं माणूस आहे. घरटी असं एक निघालं तर तुमचं निम्मं काम वाचेल. बस?

बहीण : मान बघ. बुचाखालचं कडं कुठंय?

भाऊ : पडलं असेल.

बहीण : पडत नाही ते. बूच उघडलं की कडं मानेवरच राहतं. काढायचं तर खालून टोकदार काहीतरी घालून उचकटावं लागतं. हा ओरखडा बघ. आता ही दुसरी घे. आणि ही. सगळ्यांवर तिथंच, शिवणीच्या डावीकडे.

भाऊ : बरं, मग?

बहीण : केसांतली पिन घालून कडी कोण काढायचं?

भाऊ : ताई, नको.

बहीण : कोण, ते सांग.

भाऊ : आई काढायची. झालं समाधान? आई काढायची आणि ह्याच पट्ट्यावरच्या बायका तिला हसायच्या.

बहीण : हसणारच. कारण गरजच नव्हती. कारखान्यात पाण्याची टाकी आली तेव्हापासून कडी काढायचं काही कारण उरलं नाही. चुरा पाण्यात पडला की बाटलीचा बुडतो, बुचाचा आणि कड्याचा वर तरंगतो. वरचा गाळून घेतला की झालं. दोन वेगळी प्लास्टिकं आहेत, पाणी आपोआप वेगळी करतं. ही गोष्ट मी तिला किती वेळा सांगितली असेल.

भाऊ : ‘पाण्यावर कसला भरवसा ठेवायचा.’

बहीण : अगदी तिच्यासारखं बोललास.

भाऊ : तोंडातून गेलं.

बहीण : म्हणून म्हणते. ज्याला टाकीचं माहीत नाही, त्याला कड्याचंही माहीत नसतं. आणि ज्याला माहीत आहे, तो काढत नाही. काढणारी एकच होती.

भाऊ : ‘होती’ म्हणालीस. लक्षात ठेव.

बहीण : चुकून म्हणाले.

भाऊ : ताई, दोन वर्षं होत आली. सकाळी दूध आणायला म्हणून चपला घालून गेली, आणि त्याआधीच्या महिन्यात तिला आपलं दारही ओळखू येत नव्हतं. शेजारच्या कुलपाला किल्ली लावत बसायची. ती कुठंतरी बसून बाटल्यांची कडी काढतेय, हे तुला खरं वाटतं?

बहीण : दार विसरली. हात विसरले नव्हते. शेवटपर्यंत ती भाजी निवडताना देठ एका बाजूला, पानं एका बाजूला, सालं तिसऱ्या बाजूला ठेवायची. आठव.

भाऊ : आठवतंय.

बहीण : ह्या फक्त मंगळवारी येतात. फक्त तुझ्या गाडीतून.

भाऊ : मंगळवारी मी निम्मं शहर गोळा करतो. कार्यालयं, दुकानं, दोन शाळा, दवाखाना. मला काय माहीत कुठल्या ड्रमातलं काय आहे? मी पाठीमागं ओततो आणि पुढं जातो.

बहीण : मला पट्ट्यावर उन्हाळ्यात घातलं. त्याआधी मी टाकीवर होते. माझ्यापर्यंत नुसता चुरा यायचा, नखाएवढे तुकडे. छोट्या, ह्या बाटल्या कधीपासून येतायत ते मला माहीत नाही. ती गेली तेव्हापासूनही येत असतील. मी टाकीत फळी घालून काय ढवळत बसले होते, देव जाणे.

भाऊ : असं बोलू नकोस. अंगावर काटा येतो.

बहीण : माझ्या रोज येतो. पट्टा चालू असला की कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. नुसती घरघर. डोकं बंद होतं, हात चालतात. आणि त्या सगळ्या घाणीतून, डायपर, दुधाच्या पिशव्या, तुटक्या खेळण्यांमधून ही पुढं येते. घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखी. वाटतं, कुणीतरी आत्ताच हातातून खाली ठेवलीय. मी एकदा मागे वळून बघितलं. पट्ट्याच्या त्या टोकाला.

भाऊ : कोण होतं?

बहीण : कोण असणार? भिंत.

भाऊ : आता माझं ऐक. पहिल्या वर्षात तू चार वेळा म्हणालीस, ‘ती आहे, मला वाटतंय’. चारही वेळा फोन आला, आणि चारही वेळा शवागारात मी गेलो. तू बाहेर बाकावर बसलीस. मी दोष देत नाहीये. पण तिथला माणूस चादरीला हात लावतो आणि थांबतो. विचारतो, ‘तयार?’ मी हो म्हणतो. ती नसते. मला सुटल्यासारखं बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटते, कारण समोरची कुणाचीतरी असतेच ना. मला पुन्हा आशा नको, ताई. मी मोठ्या मुश्किलीनं ती टाकलीय.

बहीण : मग तू उतरू नकोस. उद्या मंगळवारच आहे, मला फक्त गाडीत बसव. दर ठिकाणी मी उतरते, ड्रम बघते.

भाऊ : गाडीत बाहेरचं माणूस बसवायला मनाई आहे.

बहीण : मी बाहेरची?

भाऊ : मुकादमाच्या हिशेबानं.

बहीण : त्याला सांग, बहिणीला समजावायला घेऊन जातोय.

भाऊ : आणि तिथं दुसरीच कुणी निघाली तर? एखादी रिकामटेकडी बाई, जिला कडी उचकटायचा नाद आहे?

बहीण : तर संध्याकाळी ह्या तिन्ही गोण्या मी माझ्या हातानं ओतीन.

भाऊ : रडारड नाही करायची.

बहीण : कटर चालू असताना कोण रडतंय ते कुणाला कळतं?

(दुसरा दिवस. एका मोठ्या कार्यालयाच्या मागचं अरुंद अंगण. कचऱ्याची गाडी उलटी आत घेतलेली, इंजिन बंद. पायरीजवळ झाकण लावलेले ड्रम.)

कँटीनवाली : अगं बाई, आज इंजिन बंद? बिघडली की काय गाडी? आणि एवढी लांब का थांबवलीत?

भाऊ : बिघडली नाही. ही माझी बहीण. आमच्या कारखान्यात बाटल्या निवडायच्या पट्ट्यावर असते. तिला ड्रम बघायचेत.

कँटीनवाली : बघा की. वर तीनशे माणसं आहेत, त्यांचं खाणंपिणं मी बघते. पण माझ्या ड्रमात एक शीत सापडलं तर कँटीन बंद करीन. काय चुकलं का आमचं?

बहीण : चुकलं काही नाही. ही बाटली आत्ता तुमच्याच ड्रमातून काढली. हिचं कडं कोण काढतं?

कँटीनवाली : मी.

बहीण : तुम्ही?

कँटीनवाली : मीच. दुपारची गर्दी सरली की ह्या पायरीवर बसते आणि काढते. का, काढायची नसतात?

बहीण : कशानं काढता?

कँटीनवाली : ही काय पिन. केसांतली.

भाऊ : चल, ताई. बघितलंस ना? चल आता.

बहीण : थांब जरा. हे तुम्हाला शिकवलं कुणी?

कँटीनवाली : तुमच्याच त्या बाईंनी.

बहीण : आमच्या कुठल्या?

कँटीनवाली : तुम्ही पाठवलेल्या. नाही पाठवलेल्या? आता बघा. एक दिवस त्या आल्या त्या थेट ड्रमापाशी. झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘हे असं चालायचं नाही.’ एवढ्या हुकमीपणानं, की मला वाटलं नगरपालिकेची कुणी आहे. वरच्या साहेबांना वाटलं, मी मदतीला ठेवलीय. मला वाटलं, साहेबांनी ठेवलीय. कुणी कुणाला विचारलंच नाही. असा महिना गेला. तोवर त्या कोठीघरात निजायलाही लागल्या होत्या.

भाऊ : नाव विचारलं नाहीत?

कँटीनवाली : विचारलं ना. म्हणायच्या, ‘घरी विचारून सांगते.’

बहीण : पुढं सांगा.

कँटीनवाली : काय सांगू? हे अंगण आधी कसं होतं माहितेय? उकिरडा. सांडलेलं सरबत, माश्या, मांजराएवढे उंदीर. वरची पोरं खिडकीतून नेम धरून बाटल्या फेकायची. त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. एक बाटली घ्यायची, विसळायची, लेबल, बूच, कडं, चेपायची. दुसरी घ्यायची. कुणाशी भांडण नाही. ते बघून बघून पोरं खाली येऊन हातात बाटली द्यायला लागली. मोठमोठे साहेब, पण रांगेत उभे. एक दिवस मी म्हटलं, अहो, टाकूनच द्यायचं ना ते, मग एवढे लाड कशाला? तर म्हणाल्या, ‘टाकायचं नाही. ह्याची उशी होते.’ मी हसले. बाटलीची कुठं उशी होते का?

बहीण : होते. चुरा वितळवून धागा काढतात. धाग्याचा कापूस करून उशीत भरतात.

कँटीनवाली : खरंच होते?

बहीण : हो. शर्टही होतात. हा फोटो बघा.

कँटीनवाली : ह्या नव्हेत त्या. ह्यांचे केस काळे आहेत, गाल वर आहेत. थांबा हं, उजेडात धरते. कपाळ... हो. ह्याच आहेत. ह्याच हो. पण हा फोटो कुठं लावलाय का? कुठंच कसा दिसला नाही मला?

भाऊ : गाडीला लावलाय. पुढच्या काचेवर. पहिल्या दिवसापासून.

कँटीनवाली : तुमची गाडी मी पुढून कधी बघितलीच नाही. तुम्ही उलटे येता, सरळ जाता.

बहीण : आता कुठंय ती?

कँटीनवाली : बसा इथं.

बहीण : उभीच बरी आहे. सांगा.

कँटीनवाली : थंडीत खोकला धरला. मी काढे दिले, शेक दिला. मग ताप उतरेना तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं म्हणाले, नातं काय? बेवारस म्हटलं असतं तर कुठल्या कोपऱ्यात टाकलं असतं, म्हणून मी मुलगी म्हणून सही केली. आडनाव माझंच लावलं. तिसऱ्या दिवशी गेल्या. सकाळी. मी होते तिथं, हात हातात होता. पुढचं सगळं मीच केलं. नीट केलं, हो. घाईनं उरकलं नाही.

भाऊ : म्हणून बेवारशांच्या यादीत नव्हती.

कँटीनवाली : मी जाऊ दिलं नाही त्या यादीत. ह्यात माझं चुकलं का?

बहीण : नाही.

कँटीनवाली : पोलिसांना आधीच सांगायला हवं होतं. मनात यायचं. मग वाटायचं, नेऊन एखाद्या आश्रमात खाटेवर बसवतील. इथं हाताला काम होतं. आणि मलाही सवय झाली होती. माझं नाव काही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. ठमी म्हणायच्या मला. ‘ठमे, कडं राहिलं.’ ‘ठमे, जेवलीस का?’ सुरुवातीला सांगायची, मी ठमी नाही. मग मुकाट्यानं ओ द्यायला लागले.

भाऊ : ताई, गाडीत बसतेस का थोडा वेळ?

बहीण : मला काही झालेलं नाही.

कँटीनवाली : कोण हो ती ठमी?

बहीण : मी. लहानपणी. मोठी झाल्यावर मीच तिला ते नाव बंद करायला लावलं होतं.

कँटीनवाली : म्हणजे तुमच्या वाट्याची ओ मी दिली.

बहीण : दिलीत ना? मग झालं.

कँटीनवाली : एक सांगू? हसू नका. त्या गेल्यावर मी म्हटलं, आता कोण कडी काढतंय. दोन दिवस बाटल्या तशाच टाकल्या. मग एकदा ड्रमावर वाकले, तर पाठीमागं कुणीतरी उभं. ओरडत नव्हतं, रागावत नव्हतं. नुसतं उभं. वळायचा धीर झाला नाही मला. तशीच खाली बसले, पिन काढली आणि एक कडं उचकटलं. मग मागचं मोकळं झालं.

बहीण : पट्ट्यावर मला पण.

कँटीनवाली : तुम्हाला पण?

बहीण : थंडीत गेली ना ती? मी पट्ट्यावर आले उन्हाळ्यात. म्हणजे माझ्या तिन्ही गोण्यांत तिची एकही बाटली नाही. सगळ्या तुमच्या आहेत.

भाऊ : आणि तिच्या?

बहीण : तिच्या सगळ्या टाकीतून गेल्या. मी टाकीवर होते तेव्हा. मीच फळीनं ढवळल्या, मीच बुडलेला चुरा काढला, वाळवला, गोणीत भरला. आता कुणाच्या तरी डोक्याखाली असतील.

भाऊ : ताई, पुरे.

बहीण : पुरेच. गोण्या संध्याकाळी मी ओतते. मुकादमाला सांग.

कँटीनवाली : मला मात्र एक कळत नाही, ड्रायव्हरभाऊ. ह्यांना कळलं नाही, ते समजण्यासारखं आहे. पण तुम्ही तर दर मंगळवारी यायचात.

भाऊ : मला ती कधी दिसलीच नाही. मी गाडीतून उतरत नाही ना.

कँटीनवाली : आता उतरत नाही. आधी उतरायचात. ड्रम लांब असायचे, तुम्ही शिव्या देत ओढत आणायचात. त्या आल्या आणि ते बंद झालं. गल्लीच्या तोंडाशी तुमच्या गाडीचा आवाज आला की त्या उठायच्या. दुधाची गाडी येते, पाण्याची येते, तेव्हा ढिम्म हलायच्या नाहीत. तुमच्या गाडीला मात्र उठायच्या आणि ड्रम अगदी तुमच्या त्या उचलायच्या यंत्राखाली आणून ठेवायच्या. मी म्हणायची, अहो, तो उतरेल की, तरणाताठा आहे. तर म्हणायच्या, ‘नको. त्याची कंबर धरते.’

भाऊ : हिरवा कोट होता का अंगात?

कँटीनवाली : कँटीनचाच. मी दिलेला.

भाऊ : आणि नाकावर फडकं.

कँटीनवाली : वासानं खोकला यायचा म्हणून बांधायच्या.

भाऊ : डोक्याला टोपी. कँटीनची, पांढरी.

बहीण : छोट्या, तुला माहीत होतं?

भाऊ : आरशात दिसायची. बाजूच्या आरशात. मी मागे घ्यायला लागलो की एक बाई उभी राहून हात हलवायची. मला वाटायचं, ‘येऊ दे, येऊ दे’ करतेय. मी येऊ द्यायचो. हात थांबला की ब्रेक मारायचो. कधी भिंतीला घासली नाही गाडी. मी पोरांना सांगायचो, त्या अंगणात एक म्हातारी आहे, काय झकास गाडी लावून देते.

कँटीनवाली : गाडी लावून देत होत्या का त्या? मला वाटायचं, ओळख आहे तुमची. जाताना तुम्हीही हात करायचात.

भाऊ : करायचो. खिडकीतून, मागं न बघता.

कँटीनवाली : त्या उभ्या राहायच्या. गाडी वळेपर्यंत. मग म्हणायच्या, ‘चला, आजचं झालं,’ आणि आत यायच्या.

भाऊ : ताई, ती गाडी मागे घ्यायला सांगत होती, की मला हाक मारत होती?

बहीण : तिला तरी माहीत असेल का?

भाऊ : मी इंजिन बंद केलं असतं, तर ऐकू आलं असतं.

बहीण : आज केलंस ना?

भाऊ : आज काय उपयोग?

कँटीनवाली : पाणी घ्या दोघं. आणि ड्रम आज इथंच राहू द्या, मी दुसऱ्या गाडीला सांगते.

बहीण : नको. भरलेत तर नेतो आम्ही. पण यंत्र पोचत नाही इथवर. अजून चार हात मागे घ्यावी लागेल.

भाऊ : मला नाही जमायचं.

बहीण : जमेल. बस तू, चालू कर. आरशात बघू नकोस. मी मागे उभी राहून मोठ्यानं ओरडून सांगते.